ठिसूळ नखांवरचा जेल बेस वारंवार का सुटतो, आणि त्यावरून योग्य बेस कसा निवडावा

जेल पॉलिश लावल्यावर पहिले काही दिवस नखे टणक आणि गुळगुळीत वाटतात. मग एखाद्या नखाच्या कडेला केस अडकू लागतो, टोकापाशी टवका उडतो, आणि जेल काढून पाहिले तर खालचे नख आधीपेक्षा पातळ झालेले असते. पुढच्या वेळी बहुतेक जण बाटलीवर ‘नखे बळकट करणारा’ असे लिहिलेला बेस कोट, म्हणजे रंगाच्या आधी नखावर लावायचा थर, घेतात, तरीही सुटण्याचे चक्र थांबत नाही. याचे कारण बेस पुरेसा मजबूत नव्हता हे क्वचितच असते. तो त्या नखाच्या स्वभावाला जुळणारा नव्हता, किंवा तो लावण्या-काढण्यात काही बिघडले, यांपैकी एक गोष्ट बहुधा घडलेली असते. जेल नखाच्या कोणत्या भागातून सुटले आणि सुटताना सोबत काय घेऊन आले हे पाहिले, तर या दोहोंपैकी काय घडले ते बऱ्याच अंशी कळते. म्हणून नवी बाटली विकत घेण्याआधी सुटलेला तुकडा टाकून न देता नीट पाहावा.

बेस कोट नखाचे नेमके काय करतो

नखाचा दिसणारा भाग म्हणजे मृत केराटिनचे एकमेकांना घट्ट चिकटलेले थर. ते नखाच्या मुळाशी, त्वचेखाली तयार होतात, हाताच्या बोटांवर महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतात, आणि संपूर्ण नख नव्याने येण्यास सुमारे ६ महिने लागतात. वरून लावलेला कोणताही थर या निर्मितीत भाग घेत नाही. जेल बेस नखाला बाहेरून आधार देतो, त्याचे वाकणे मर्यादित करतो आणि पाणी-साबणाचा थेट मारा काही प्रमाणात अडवतो. एवढेच त्याचे काम आहे आणि ते काम लहान नाही, कारण नख न तुटता टोकापर्यंत वाढू शकले तर मुळाशी तयार झालेले निरोगी नख शेवटी वापरात येते.

‘कॅल्शियमयुक्त’ किंवा ‘जीवनसत्त्वयुक्त’ अशा शब्दांकडे त्यामुळे थोडे संशयानेच पाहावे. नखाचा कठीणपणा मुख्यतः केराटिनमधील गंधकाच्या बंधांमुळे येतो. कॅल्शियमचे नखातील प्रमाण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. शिवाय जेल कडक करणाऱ्या प्रकाशाच्या लॅम्पखाली घट्ट झालेल्या जेलच्या जाळ्यात अडकलेले जीवनसत्त्व नखाच्या मुळापर्यंत जाऊन तिथे काही घडवून आणेल, अशी अपेक्षा ठेवण्यास आधार नाही. बेसची निवड त्याच्या लवचीकपणावर, दाटपणावर आणि तो काढण्याच्या पद्धतीवर करावी.

कठीण असणे आणि न तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेस निवडताना होणारा बहुतेक घोटाळा इथेच होतो. मऊ, वाकणाऱ्या नखावर अतिशय कठीण थर दिला, तर दैनंदिन कामात खालचे नख वाकत राहते आणि वरचा थर वाकत नाही; मग दोहोंमधील जोड कडेकडेने सुटत जातो. उलट, कोरड्या आणि कडक नखावर फार मऊ थर दिला, तर तो नखाबरोबर निमूटपणे वाकतो आणि नखाला तडा जाताना त्याला अडवत नाही.

आधी नखाचा प्रकार ओळखावा

ही तपासणी हात कोरडे असताना करावी. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर लगेच करू नये, कारण पाणी शोषलेले नख नेहमीपेक्षा मऊ लागते आणि निष्कर्ष चुकतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नखाचे टोक अगदी हलके दाबून पाहावे. सहज वाकून परत सरळ होणारे नख मऊ किंवा पातळ असते. जवळजवळ न वाकणारे, आणि थोड्याशा धक्क्याने टचकन तुटणारे नख कोरडे व ठिसूळ असते. टोकाशी आडवे पापुद्रे सुटत असतील, तर नखाच्या थरांमधील जोड सैल झाला आहे असे समजावे; वारंवार भिजणे आणि वाळणे हे त्याचे फार मोठे कारण असते. मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या रेघांवर चीर पडत असेल, तर तो आणखी वेगळा प्रकार आहे. वयानुसार अशा रेघा अनेकांना येतात आणि त्या नुसत्या दिसत असतील तर काळजीचे कारण नसते. पण त्यांवरून नख फाटत असेल तर त्या नखाला लांबी वर्ज्य.

यात एक प्रकार जन्मजात नसतो, तर हाताने घडवलेला असतो. आधीचे जेल ओरबाडून काढल्यामुळे किंवा फार घासल्यामुळे पातळ झालेले नख मऊ वाटते, दाबल्यावर दुखते, त्यावर पांढरट खरखरीत ठिपके दिसतात आणि लॅम्पखाली चटके बसतात. अशा नखाचा मूळ स्वभाव त्याच्या मुळाशी नव्याने आलेल्या भागावरून ओळखावा; टोकाकडील भाग मागील महिन्यांतील वागणुकीचा हिशेब सांगतो, पुढचा नव्हे.

सुटलेला तुकडा काय सांगतो

सुटलेला जेलचा तुकडा उलटा करून उजेडात धरावा. त्याची खालची बाजू चकचकीत आणि स्वच्छ असेल, तर नख शाबूत राहिले आणि जोड सुटला आहे. दोष पूर्वतयारीत, लॅम्पमध्ये किंवा बेसच्या चुकीच्या लवचीकपणात शोधावा. खालच्या बाजूला पांढरट, पिठूळ किंवा कागदासारखा पातळ थर चिकटलेला असेल, तर जोड उत्तम टिकला आहे आणि नखाचाच वरचा पापुद्रा निघाला आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या परिस्थितीत अनेक जण अधिक तीव्र प्रायमर (जेल नखाला घट्ट चिकटावे म्हणून आधी लावायचे द्रव) वापरतात किंवा नख अधिक घासतात, आणि त्यामुळे पुढच्या वेळी अजून जाड पापुद्रा निघतो. जोड नखापेक्षा बळकट झालेला असताना तो आणखी बळकट करून काही साधत नाही. तिथे लांबी कमी करणे, सुटे पापुद्रे बारीक फाइलने सपाट करून घेणे, टोकाच्या जाडीवरून बेस फिरवून कड बंद करणे, आणि नखाबरोबर थोडा वाकणारा बेस निवडणे हाच उपाय आहे.

सुटण्याची जागाही तितकीच बोलकी असते. दोन्ही बाजूंच्या कडा सुटत असतील आणि नख वाकणारे असेल, तर बेस फार कठीण आहे असे धरून चालावे. मात्र जेल नखाशेजारच्या त्वचेच्या खाचेत उतरले असेल, तर हीच खूण वेगळ्या कारणाने दिसते, म्हणून आधी ती शक्यता तपासावी. मुळापाशी, क्युटिकलजवळ जेल उचलले जात असेल, तर बेस बदलून फारसा फरक पडत नाही: तिथे नखाला चिकटून राहिलेली पातळ मृत त्वचा निघालेली नसते, किंवा जेल त्वचेवर सांडलेले असते. नखाच्या मधोमध, जिथे नख बोटापासून मोकळे होते त्या सुमारास, आडवी चीर पडत असेल तर त्या जागी थर पातळ पडला आहे किंवा नख त्याच्या ताकदीपेक्षा लांब आहे. संपूर्ण थर पापड निघावा तसा एकसंध सुटून येत असेल, तर पृष्ठभागावर तेल किंवा ओलावा होता, नाहीतर बेस आतपर्यंत घट्ट झालाच नव्हता. आणि फक्त एका हाताच्या अंगठ्यावर व तर्जनीवर जेल सुटत असेल, तर बाटलीला दोष देण्याआधी त्या दोन बोटांनी डबे, लेबले आणि स्टिकर कसे उघडले जातात ते आठवावे.

कोणत्या नखाला कोणता बेस

बाटल्यांवरील ‘रबर’, ‘बिल्डर’, ‘स्ट्राँग’ या नावांची सर्वमान्य व्याख्या नाही. एका कंपनीचा रबर बेस दुसऱ्या कंपनीच्या बिल्डर बेसइतका दाट असू शकतो. तेव्हा नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: जेल किती दाट आहे, घट्ट झाल्यावर किती वाकते, आणि ते अ‍ॅसिटोनने निघते की फाइलनेच काढावे लागते.

साधा पातळ बेस हा मुळात रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो. निरोगी, आखूड नखांना तो पुरतो. कमकुवत नखाला त्याच्याकडून आधाराची अपेक्षा करू नये. मऊ, वाकणाऱ्या आणि पापुद्रे सुटणाऱ्या नखांसाठी रबर बेस ही पहिली निवड मी सुचवेन. तो दाट असतो, नखावरील खाचखळगे भरतो आणि नखाबरोबर वाकतो, त्यामुळे जोडावर कमी ताण येतो. त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. लांब नखावर तो पुरेसा ताठ राहत नाही. आणि त्यावर फार कडक टॉप कोट लावला, तर खालचा थर वाकतो, वरचा वाकत नाही, आणि चकाकीवर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. तशा चिरा दिसल्यास बेस बदलण्याऐवजी लवचीक टॉप कोट वापरून पाहावा.

कोरड्या, ठिसूळ नखांना आणि उभ्या रेघांवर चिरणाऱ्या नखांना बाटलीतील बिल्डर बेस अधिक उपयोगी पडतो, कारण त्याने नखाच्या मध्यावर किंचित उंचवटा देता येतो आणि धक्का एकाच रेषेवर न पडता पसरतो. हा उंचवटा ताण पडणाऱ्या जागेवर असावा आणि क्युटिकलकडे व कडांकडे उतरत पातळ व्हावा. सगळीकडे सारखीच जाडी दिल्यास वजन वाढते, पण आधार वाढत नाही. बारीक तंतू मिसळलेले फायबर बेसही मिळतात. एखाद्याच नखाला वारंवार एकाच जागी चीर पडत असेल तर ते कामाला येतात. सगळ्या नखांवर त्यांची गरज सहसा नसते. फाइलनेच निघणारे हार्ड जेल मात्र पातळ झालेल्या नखावर सवय नसलेल्या हाताने लावू नये. त्याची ताकद निर्विवाद आहे, पण ते काढताना फाइल किंवा मशीन किंचित खोल गेली तरी खालचे उरलेसुरले नखही जाते.

लांबी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बोटाच्या टोकापलीकडे नख जितके पुढे जाते, तितका धक्क्याचा जोर ताणाच्या जागेवर वाढतो. कमकुवत नख बोटाच्या टोकाबरोबर ठेवले, कोपरे गोलसर केले, आणि तेवढ्यानेच सुटणे थांबले, असेही होते.

पूर्वतयारी आणि लॅम्प

जेल लावण्याआधी हात पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत कमकुवत नखांसाठी टाळावी. भिजलेले नख फुगते आणि आकार बदलते. त्यावर जेल घट्ट झाल्यानंतर नख वाळून पूर्वपदावर येते आणि जोडावर ताण पडतो. कोरड्या नखावरच क्युटिकल हलके मागे सारून, नखावरची मृत त्वचा काढून, बारीक बफरने फक्त चकाकी जाईल इतकाच हात फिरवावा. पुढे जेल भरताना फक्त नव्याने वाढलेला भाग बफ करावा, कारण एकाच जागी दर वेळी हात फिरवला की काही महिन्यांत नख कागदासारखे होते. त्यानंतर डिहायड्रेटरचा, म्हणजे नखावरचा ओलावा व तेल काढणाऱ्या द्रवाचा, एक पातळ हात पुरतो. आम्लयुक्त प्रायमर पातळ नखांसाठी टाळलेलाच बरा. गरज पडलीच तर आम्लविरहित प्रायमर वापरावा, आणि बेस कंपनीने प्रायमर सांगितला नसेल तर तोही वगळावा.

बेसचा पहिला थर अगदी पातळ, नखात चोळल्यासारखा लावावा आणि लॅम्पखाली घट्ट करून मगच दाट थर द्यावा. जेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते. थर जितका जाड, तितकी उष्णता अधिक, आणि पातळ नखातून ती खालच्या त्वचेला लगेच जाणवते. चटका बसल्यास सहन करत हात आत ठेवू नये. हात बाहेर काढून काही क्षणांनी पुन्हा ठेवावा, लॅम्पला कमी उष्णतेची सोय असल्यास ती वापरावी, आणि पुढचा थर पातळ करावा. वारंवार होणाऱ्या तीव्र चटक्यांनी नख बोटापासून सुटूही शकते.

लॅम्पच्या बाबतीत केवळ वॅटचा आकडा पाहून समाधान मानू नये. जेलमधील प्रकाशाने जागृत होणारे घटक ठरावीक तरंगलांबीला प्रतिसाद देतात. बाजारातील बहुतेक लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात, पण त्यांची तीव्रता आणि दिव्यांची मांडणी सारखी नसते. जेल ज्या लॅम्पसाठी बनवले आहे तोच वापरणे सर्वांत खात्रीचे. अंगठा इतर बोटांबरोबर ठेवल्यास तिरका राहतो आणि त्याच्या एका बाजूला कमी प्रकाश पोचतो, म्हणून दोन्ही अंगठे वेगळे घट्ट करावेत. गुलाबी किंवा दुधी रंगाचे बेस पारदर्शक बेसइतका प्रकाश आत जाऊ देत नाहीत. त्यांचा थर पातळच हवा. वर राहणारा चिकटपणा हवेतील प्राणवायूमुळे असतो आणि तो स्वाभाविक आहे. पण वरून कडक लागणारे जेल आतून कच्चे असू शकते, आणि पापड निघावा तसा सुटणारा थर बहुधा असाच असतो.

ॲलर्जीचा प्रश्न

कच्चे राहिलेले जेल केवळ लवकर सुटते एवढाच तोटा नाही. जेलमधील अ‍ॅक्रिलेट व मेथाक्रिलेट वर्गातील घटक, विशेषतः ‘हेमा’ या नावाने ओळखला जाणारा २-हायड्रॉक्सीइथिल मेथाक्रिलेट, घट्ट होण्याआधी त्वचेला वारंवार लागले तर ॲलर्जी निर्माण करू शकतात. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१२ साली अ‍ॅक्रिलेटना वर्षातील ॲलर्जन ठरवले होते, आणि युरोपीय संघात हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिक वापरासाठी ठेवण्यात आली आहेत. टीपीओ हा प्रकाशाने जागृत होणारा घटक तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास बंदी आहे. नखाभोवती खाज, लाली, बोटांच्या टोकांची त्वचा फाटणे, नख बोटापासून सुटणे, किंवा पापण्यांवर पुरळ येणे या खुणा दिसल्यास जेलचा वापर तत्काळ थांबवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि दातांत भरण्याचे काही पदार्थ, अस्थिशस्त्रक्रियेतील सिमेंट किंवा मधुमेहाच्या सेन्सरचे चिकट पदार्थ यांतही त्याच वर्गाचे घटक असू शकतात. ‘हेमा-फ्री’ लिहिलेल्या बाटलीत याच वर्गातील दुसरे घटक असतात, त्यामुळे ॲलर्जी झालेल्या व्यक्तीने नुसता तेवढा बदल करून पुन्हा सुरुवात करू नये. ज्यांना ॲलर्जी नाही, त्यांनीही जेल त्वचेला लागल्यास लॅम्पखाली हात घालण्याआधी ते पुसून घ्यावे.

काढताना होणारे नुकसान

जेलने नखे खराब होतात ही तक्रार बहुतेक वेळा जेल काढण्याची तक्रार असते. अर्धवट सुटलेली कड नखाने धरून ओढण्याचा मोह फार होतो, आणि त्यातच नखाचे पापुद्रे जातात. वरचा टॉप कोट व रंग फाइलने कमी करावा, नखाभोवतीच्या त्वचेला तेल किंवा क्रीम लावावे, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून गुंडाळावा, आणि १० ते १५ मिनिटांनी जे आपोआप सैल झाले असेल तेवढेच लाकडी काडीने सारावे. राहिलेल्या भागासाठी पुन्हा अ‍ॅसिटोन लावावे; जोर लावू नये.

बेस चांगला चिकटून असेल, तर दर वेळी तो पूर्ण काढण्याचीही गरज नसते. वरचा रंग फाइलने उतरवून, बेसचा पातळ थर तसाच ठेवून, नव्याने वाढलेल्या भागात बेस भरता येतो. अ‍ॅसिटोन नखातील ओलावा आणि स्निग्धता काढून घेतो, त्यामुळे कोरड्या नखांना ही पद्धत फार मानवते. दोन ते तीन आठवड्यांत हे करावे; त्यापेक्षा उशीर झाला की दिलेला उंचवटा नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकतो आणि टोक जड होते. जिथे जेल उचलले गेले आहे, तो भाग मात्र पूर्ण काढल्याशिवाय त्यावर नवा थर देऊ नये. त्या फटीत ओलावा साठून स्यूडोमोनास जिवाणूंमुळे हिरवट डाग पडू शकतो. तसा डाग दिसल्यास नख उघडे व कोरडे ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

जेल लावलेल्या काळात नखाच्या मुळाशी आणि टोकाच्या खालच्या बाजूने तेल रोज लावावे, पाण्यातील कामांसाठी हातमोजे घालावेत, आणि जेल लावण्याच्या दिवशी मात्र तेल-क्रीमला सुट्टी द्यावी.

बेस बदलून भागत नाही तेव्हा

सर्वच नखे, पायांचीसुद्धा, अल्पावधीत ठिसूळ झाली असतील तर लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस यांसारखी कारणे तपासून घ्यावीत. चमच्यासारखी खोलगट नखे, सुईने टोचल्यासारखे खड्डे, बोटापासून सुटणारे नख, किंवा एखाद्या नखावर नव्याने उमटलेली आणि रुंद होत जाणारी काळपट उभी रेघ यांवर जेल लावून ते झाकू नये. बायोटिनच्या गोळ्या अनेक जण स्वतःहून सुरू करतात. त्यांचा उपयोग काही लहान अभ्यासांत दिसला असला तरी पुरावा मर्यादित आहे, आणि जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, म्हणून चाचणीआधी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे.

नवा बेस वापरून पाहताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बेस, लॅम्प आणि प्रायमर एकाच दिवशी बदलले तर टिकल्याचे श्रेय कोणाचे आणि सुटल्याचा दोष कोणाचा, हे कळत नाही. एका हाताला जुना आणि दुसऱ्या हाताला नवा बेस लावला, तर जास्त काम करणाऱ्या हाताला नवा द्यावा. आणि दोन्ही बेस एकाच हातावर तपासायचे असतील, तर मधले बोट व अनामिका ही जोडी घ्यावी, कारण त्यांच्यावर येणारा भार बराचसा सारखा असतो. दोन आठवड्यांनी सुटलेल्या जागा आणि तुकड्यांच्या खालच्या बाजू पुन्हा तपासाव्यात, आणि पुढचा बदल त्यावरून ठरवावा.